उत्तम बालपुस्तकं निवडायची कशी, आणि ती मुलांपर्यंत नेणारी माणसं ओळखायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पालक, शिक्षक आणि ग्रंथपाल मिळून तुमचा वीसेक जणांचा वाचनगट आहे. दरवर्षी काही उत्तम बालपुस्तकांचा आणि ती मुलांपर्यंत नेणाऱ्या माणसांचा गौरव करायचं तुमच्या मनात आहे. निवड कशी करावी, मुलांचं मत किती धरावं, ही ‘माणसं’ शोधायची कुठे, आणि निवडलेल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर लावायचा शिक्का कसा असावा, असं तुम्ही विचारलंय. मी तीसेक वर्षं मुलांच्या ग्रंथालयात काम केलं आणि त्यातली बरीच वर्षं या ना त्या निवड समितीत बसले. खाली जे लिहिते आहे त्यातलं निम्मं तरी चुका करून शिकलेलं आहे. शिक्क्याचं शेवटी बोलू. तुम्ही तो प्रश्न सगळ्यात शेवटी, जाता जाता विचारलाय, पण तो तितका किरकोळ नाही.

आधी एक अडचण ध्यानात घ्या. बालपुस्तकाच्या व्यवहारात लिहिणारा मोठा, छापणारा मोठा, विकत घेणारा मोठा, आणि बक्षीस देणाराही मोठाच. मूल सगळ्यात शेवटी येतं, आणि बहुतेक वेळा त्याला कुणी काही विचारत नाही. त्यामुळे अशा समित्यांना एक ठरावीक रोग जडतो: पुस्तकाच्या निमित्ताने त्या स्वतःच्याच सुसंस्कृतपणाची पाठ थोपटू लागतात. ‘किती छान संदेश आहे!’ हे वाक्य एका बैठकीत दोनदा ऐकू आलं की मी सावध होते. एकदा तर हे वाक्य मीच दोनदा म्हटलं होतं, आणि शेजारी बसलेल्या बाईंनी मला कोपराने ढोसलं.

सगळ्यात गाजलेला दाखला १९५३ सालचा आहे. अमेरिकेतलं न्यूबेरी पदक १९२२ पासून दिलं जातं, आणि मुलांच्या पुस्तकांसाठीचं ते जगातलं पहिलं पदक मानतात. त्या वर्षी ई. बी. व्हाइट यांचं ‘शार्लट्स वेब’ स्पर्धेत होतं. एक कोळीण आणि एक डुक्कर यांच्या मैत्रीची ही गोष्ट. पदक मात्र गेलं ॲन नोलन क्लार्क यांच्या ‘सीक्रेट ऑफ द अँडीज’कडे. ‘शार्लट्स वेब’ मागे राहिलं. आज त्या विजेत्या पुस्तकाचं नाव निघतं ते बहुधा एवढ्याच कारणासाठी, की त्याने ‘शार्लट्स वेब’ला मागे टाकलं. या समितीची चर्चा गोपनीय असते, तेव्हा असं का झालं ते ठामपणे सांगायला मी जाणार नाही. पण मी ज्या समित्यांत बसले तिथे हेच चित्र पुन्हा पुन्हा पाहिलं. गंभीर, शांत, जबाबदारीने लिहिलेलं पुस्तक पुढे आलं की सगळ्यांच्या माना डोलतात. आणि जे पुस्तक वाचताना मूल आधी खो खो हसतं, मग रडतं, आणि मग पुन्हा पहिलं पान उघडतं, त्याच्याबद्दल कुणीतरी म्हणतं, ‘मुलांना आवडेलच हो, पण...’ या ‘पण’पाशी घोडं पेंड खातं.

न्यूबेरीच्या नियमांत एक ओळ आहे, ती उतरवून बैठकीच्या टेबलावर ठेवण्यासारखी आहे. हे पदक उपदेशासाठी नाही आणि लोकप्रियतेसाठीही नाही, अशा अर्थाची ती ओळ. आपण दोन्हीकडे घसरतो. तात्पर्य आवडलं म्हणून एक पुस्तक निवडतो आणि सगळीकडे दिसतं म्हणून दुसरं.

आता जरा विषयांतर वाटेल, पण मला ॲन कॅरोल मूर यांच्याबद्दल सांगायचंय. पुस्तकांची निवड आणि पुस्तकांसाठी झटणारी माणसं, तुमचे हे दोन्ही प्रश्न या एका बाईंपाशी येऊन मिळतात. १९०६ साली त्या न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या बालविभागाच्या प्रमुख झाल्या. मुलांनी ग्रंथालयात येऊच नये, आलीच तर गप्प बसावं, असा तो काळ. मूरबाईंनी १९११ मध्ये नव्या इमारतीत मुलांची वेगळी खोली थाटली. मुलांच्या उंचीचं फर्निचर, भिंतीवर चित्रं, वेगवेगळ्या भाषांतली पुस्तकं, गोष्टी सांगण्याचे तास. पुस्तक घरी न्यायचं तर मुलाने एका मोठ्या वहीत आपलं नाव लिहायचं, आणि पुस्तकांची नीट काळजी घेईन असं वचन द्यायचं. एवढ्यावर पुस्तक घरी. मुलावर असा विश्वास टाकणं ही तेव्हा धाडसाची गोष्ट होती. आज जगभर ग्रंथालयांत मुलांचा कोपरा दिसतो, त्यामागे मूर आणि त्यांच्यासारख्या ग्रंथपालांची पुण्याई आहे.

याच मूरबाईंनी १९४५ मध्ये व्हाइट यांचं ‘स्टुअर्ट लिटल’ छापण्याआधी वाचलं आणि ते प्रसिद्ध करू नये म्हणून पत्र लिहून गळ घातली. पुढे १९४७ मध्ये मार्गारेट वाइज ब्राउन यांचं ‘गुडनाइट मून’ आलं. खोलीतल्या एकेका वस्तूला ‘शुभ रात्री’ म्हणत झोपी जाणाऱ्या सशाचं हे चिमुकलं पुस्तक. मूर तेव्हा निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांच्या आवडीनिवडीचा वचक ओसरला नव्हता. त्या ग्रंथालयाने हे पुस्तक घेतलं ते १९७२ मध्ये. म्हणजे एक अख्खी पिढी, नव्हे, त्या पिढीची मुलंसुद्धा, त्या ग्रंथालयात गेली आणि तिथे हे पुस्तक नव्हतं. २०२० साली ग्रंथालयाने १२५ वर्षांच्या निमित्ताने सर्वाधिक वेळा घरी नेलेल्या दहा पुस्तकांची यादी काढली, तेव्हा ‘गुडनाइट मून’चा उल्लेख वेगळा करावा लागला. इतकी वर्षं ते कपाटातच नव्हतं, म्हणून ते दहात नाही, असा.

या यादीत पहिलं कोण होतं? एझ्रा जॅक कीट्स यांचं ‘द स्नोई डे’, ४,८५,५८३ वेळा नेलेलं. लाल कपडे घालून बर्फात खेळायला निघालेल्या एका कृष्णवर्णीय मुलाचं हे पुस्तक १९६२ चं, आणि त्याला चित्रपुस्तकांसाठीचं १९६३ चं कॅल्डेकॉट पदक मिळालेलं. म्हणजे समित्या नेहमीच चुकतात असंही नाही. त्या पुस्तकात समतेबद्दल एक शब्द नाही. एक मुलगा बर्फात पावलांचे ठसे उमटवतो, झाडावरचा बर्फ काठीने पाडतो, बर्फाचा गोळा खिशात ठेवून घरी येतो आणि झोपण्याआधी बघतो तर खिसा रिकामा. मला विचाराल तर त्या खिशासाठी एक पदक वेगळं द्यायला हवं.

मूरबाईंना उत्तर द्यायची हिंमत एका संपादिकेने दाखवली. ‘गुडनाइट मून’ आणि ‘शार्लट्स वेब’ या दोन्ही पुस्तकांमागे उर्सुला नॉर्डस्ट्रॉम होत्या. मुलांच्या पुस्तकांचं संपादन करायची तुमची पात्रता काय, असं मूर यांनी विचारल्यावर त्या म्हणाल्या होत्या की मी एके काळी लहान मूल होते आणि त्यातलं काहीही विसरलेले नाही. तुमच्या समितीत माणसं घेताना पदव्या बघण्यापेक्षा हे बघा. ओळख करून घ्यायच्या बैठकीत मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारते: आठ वर्षांचे असताना तुम्ही चोरून काय वाचलंत? ज्याला आठवतं तो बहुधा चांगला वाचक निघतो. जो लगेच एखाद्या थोर ग्रंथाचं नाव घेतो, त्याच्याकडे हिशेबाचं काम द्यावं.

निवडीच्या पद्धतीबद्दल आता. सात ते नऊ माणसं पुरेत. न्यूबेरीच्या समितीत पंधरा असतात, पण त्यांच्यासमोर वर्षभरात शेकडो पुस्तकं येतात. तुमच्यापुढे साठ-सत्तर आली तरी पुष्कळ. समितीतल्या कुणाचं स्वतःचं, घरच्या माणसाचं किंवा जवळच्या मित्राचं पुस्तक यादीत असेल तर त्या वर्षी त्याने बाहेर बसायचं. ‘मी त्या पुस्तकावर बोलणार नाही’ एवढं पुरत नाही, कारण गप्प बसलेला माणूसही खोलीत असतोच.

प्रत्येक पुस्तक दोनदा वाचा, आणि त्यातली एक वेळ मोठ्याने, शक्य तर एखाद्या मुलाला. डोळ्यांनी वाचताना जी वाक्यं देखणी वाटतात त्यातली कित्येक जिभेवर येताच अडखळतात. आणि वाचताना मूल कुठे चुळबूळ करतं, कुठे पुढे सरकतं, कुठे ‘थांब, थांब’ म्हणून मागचं पान उलटायला लावतं, हे बघायला मिळतं. समीक्षेचे शब्द सापडत नसतील तर एवढंच टिपून आणा. ‘चौथ्या पानावर ती हसली, मला कळलं नाही का, मग मी चित्रात मांजर पाहिलं’ अशी नोंद मला ‘अप्रतिम चित्रांकन’पेक्षा केव्हाही उपयोगी वाटते.

चित्रपुस्तकांसाठी माझी एक जुनी युक्ती आहे. आधी सगळा मजकूर कागदाने झाकायचा आणि फक्त चित्रं बघत शेवटापर्यंत जायचं. मग चित्रं न बघता फक्त मजकूर वाचायचा. दोन्ही वेळा गोष्ट पूर्णपणे कळली, तर दोघांपैकी एक जण फुकट पगार खातोय. चांगल्या चित्रपुस्तकात शब्द एक सांगतात, चित्र दुसरंच काहीतरी दाखवतं, आणि मधल्या फटीत मुलाला काम मिळतं. शिवाय पान उलटण्याची जागा बघा. चित्रपुस्तकं बहुतेक ३२ पानांची असतात, कारण छपाईचा मोठा कागद घडी घालून आठ किंवा सोळा पानांच्या पटीतच पुस्तक बनतं. जाणकार चित्रकार त्या मर्यादेचाच फायदा उठवतो: दार डाव्या-उजव्या पानांवर बंद ठेवतो आणि पान उलटल्यावर उघडतो. ते दार चुकून एकाच पानावर बंदही आणि उघडंही दिसलं, तर गोष्टीतला श्वास गेला. समितीच्या सभासदांना पुस्तकांच्या पीडीएफ पाठवू नका, हे सांगायचं कारण तेच. पडद्यावर सरकवलेलं पान उलटलं जात नाही.

माहितीपर पुस्तकांचं वेगळं. तुम्हाला स्वतःला पक्कं ठाऊक असलेली एखादी गोष्ट त्यात शोधा आणि ती कशी मांडली आहे ते पाहा. तिथे चूक सापडली तर बाकीच्या पानांवर विश्वास ठेवायचं कारण उरत नाही. विज्ञानाची कित्येक देखणी पुस्तकं मी अशी बाजूला ठेवली आहेत. हळहळ वाटते, पण इलाज नाही.

कविता आणि विनोद ही दोन सावत्र मुलं. कवितांचं पुस्तक अर्ध्या तासात वाचून होतं, म्हणून ते ‘लहान’ वाटतं. विनोदी पुस्तक हसवतं, म्हणून ते ‘हलकं’ वाटतं. तीन वर्षांच्या आतल्या बाळांसाठीच्या जाड पानांच्या पुस्तकांकडे तर कुणी ढुंकूनही बघत नाही. या तिघांना बैठकीत शेवटी ठेवलंत तर ती गेलीच म्हणून समजा. थकलेली समिती नेहमी कादंबरीच निवडते. सकाळी पहिला तास यांना द्या.

चर्चेचा एक नियम आम्ही काटेकोरपणे पाळत होतो. प्रत्येक पुस्तकावर आधी फक्त चांगलं काय ते बोलायचं. सगळ्यांचं बोलून झाल्याशिवाय उणीव काढायची नाही, आणि कथानक सांगत बसायचं नाही, सगळ्यांनी वाचलेलंच आहे. ऐकायला बाळबोध वाटेल. पण याने दोन गोष्टी होतात. पहिल्याच वाक्यात पुस्तकाचा निकाल लावायची सवय असलेल्या विद्वानाला दहा मिनिटं गप्प बसावं लागतं, आणि एरवी न बोलणारी माणसं बोलू लागतात. आमच्याकडे एक सहकारी होते, वर्षभरात चार वाक्यं बोलणारे. या नियमामुळे त्यांनी एका पुस्तकाबद्दल सलग पाच मिनिटं सांगितलं आणि ते पुस्तक निवडलं गेलं. तोवर बाकी कुणालाच ते फारसं लक्षात राहिलेलं नव्हतं.

पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक देऊ नका. न्यूबेरीतही पदकाच्या खालोखालच्या पुस्तकांना आधी ‘उपविजेती’ म्हणत. १९७१ मध्ये ते नाव काढून ‘सन्मानित पुस्तकं’ केलं आणि मागच्या सगळ्या वर्षांनाही ते लागू केलं. ‘शार्लट्स वेब’ अशा रीतीने मागाहून सन्मानित झालं. नावात काय आहे म्हणाल, पण दुसऱ्या क्रमांकाचं पुस्तक कुणी मागत नाही आणि सन्मानित पुस्तक मागतात. आणि एखाद्या वर्षी मनाजोगतं पुस्तक मिळालं नाही तर देऊ नका. ब्रिटनमधलं मुलांच्या पुस्तकांसाठीचं कार्नेगी पदक १९४३, १९४५ आणि १९६६ या तीन वर्षी कुणालाच दिलं गेलं नाही, योग्य पुस्तक नाही म्हणून. हा हक्क पहिल्याच वर्षी नियमांत लिहून ठेवा, नंतर लिहिता येत नाही. देणगीदार रुसतात.

अनुवादाबद्दल दोनच शब्द. अनुवादित पुस्तकांना वेगळं ठेवू नका, मूळ पुस्तकांबरोबर त्याच टेबलावर येऊ द्या. फक्त गौरव करताना अनुवादकाचं नाव लेखकाइतक्याच मोठ्या अक्षरांत घ्या. मुलांच्या पुस्तकांसाठी काम करणाऱ्या ‘इब्बी’ या आंतरराष्ट्रीय मंडळाची दर दोन वर्षांनी सन्मानयादी निघते, तिच्यात लेखन आणि चित्रं यांच्या जोडीला अनुवाद हा स्वतंत्र विभाग आहे.

आता मुलांचं मत. घ्यायचंच, पण कसं, यावर सगळं आहे. सुरुवातीला आम्ही एका शाळेत हात वर करून मतदान घेतलं. वर्गातल्या सगळ्यात दांडग्या मुलाने हात वर केला आणि मागोमाग सदतीस हात वर गेले. ते पुस्तक त्याने वाचलंही नव्हतं, मुखपृष्ठावर डायनोसोर होता एवढंच. फ्रान्समध्ये १९८८ पासून ‘प्री दे अँकोरुप्तिब्ल’ नावाचा पुरस्कार मुलंच ठरवतात. नावाचा अर्थ ‘ज्यांना विकत घेता येत नाही अशांचा’. मत देण्याआधी मूल कबूल करतं की दिलेली सगळी पुस्तकं मी वाचीन आणि माझं स्वतःचं मत बनवीन. हे वचन मुलं भलतीच गांभीर्याने घेतात. कधी कधी वाटतं, मोठ्यांच्या समितीकडूनही तसं लिहून घ्यावं. जर्मनीच्या युवासाहित्य पुरस्कारात २००३ पासून तरुण वाचकांची स्वतंत्र समिती आहे आणि ती आपला निकाल वेगळा देते. कार्नेगीतही मुलांचे वाचनगट तीच यादी समांतर वाचतात. मला हाच मार्ग पटतो: दोन निकाल, शेजारी शेजारी, कुणाचंही मत दुसऱ्यात न मिसळता. सरासरी काढलीत तर दोन्हीकडचा रंग जातो. जिथे दोन निकाल जुळत नाहीत तिथे समितीने आपलं पुस्तक का निवडलं ते मुलांना समजेल अशा भाषेत लिहावं. लिहिता आलं नाही, तर निवडीतच काहीतरी गडबड आहे.

मुलांना ‘आवडलं का?’ असं विचारू नका. ‘हो’ येतं, कारण मुलांनाही तुमचं मन मोडवत नाही. एडन चेंबर्स या ब्रिटिश लेखक-शिक्षकाने मुलांशी पुस्तकांबद्दल बोलायची एक साधी रीत घालून दिली. काय आवडलं, काय आवडलं नाही, काय कोड्यात टाकणारं वाटलं, आणि काय पुन्हा पुन्हा येताना किंवा एकमेकांशी जुळताना दिसलं. ‘का?’ हा प्रश्न टाळायचा, कारण त्याने मूल बचावाच्या पवित्र्यात जातं. त्याऐवजी ‘सांग ना मला’ म्हणायचं. मी हे वर्षानुवर्षं वापरलं. तिसऱ्या प्रश्नाला जी उत्तरं येतात, ती बालसाहित्यावरच्या कुठल्याही परिसंवादात मला ऐकायला मिळालेली नाहीत.

आणि न बोलणारी मुलं? त्यांचं मत पुस्तकावरच लिहिलेलं असतं. आमच्या ग्रंथालयात एक बाइंडिंग करणारे गृहस्थ होते. फाटलेली, कणा निखळलेली पुस्तकं त्यांच्या टेबलाशी रचलेली असायची. नवी खरेदी करायची वेळ आली की मी समीक्षा वाचायचे, आणि मग त्यांच्याकडे जाऊन विचारायचे, ‘काका, या महिन्यात काय काय शिवलंत?’ एकदा त्यांनी एक पातळसं पुस्तक पुढे केलं. ‘हे तिसऱ्यांदा शिवतोय. दुसरी प्रत घ्या, नाहीतर मला तरी सुट्टी द्या.’ ज्या पुस्तकाला त्या वर्षी आमच्या समितीने पहिल्या चाळणीतच बाजूला काढलं होतं, ते हेच.

इथून माणसांच्या प्रश्नाकडे येते. त्या काकांचा गौरव कुठल्याही समितीने केला नाही, आमच्याही नाही. ही माझी जुनी बोच आहे, आणि तुम्ही अर्ज मागवणार आहात असं वाचलं तेव्हा ती पुन्हा टोचली. अर्ज मागवू नका. अर्जातून अर्ज उत्तम भरणारी माणसं सापडतात. त्याऐवजी मुलांशी बोलाल तेव्हा एक प्रश्न जोडा: ‘हे पुस्तक तुला दिलं कुणी?’ आणि मग त्या माणसाला गाठून विचारा, तुम्हाला कुणी दिलं? दोन-तीन पायऱ्या मागे गेलात की काही नावं पुन्हा पुन्हा येऊ लागतात. कुणी शिक्षिका असेल, कुणी पुस्तकांची गाडी चालवणारा, कुणी आजी, कुणी लहानशा प्रकाशनाचा एकहाती कारभार बघणारा. तीच तुमची यादी.

अशा गौरवाला मोठी परंपरा आहे, फक्त तिची चर्चा कमी होते. न्यूबेरी पदक ज्यांच्या नावाने आहे ते जॉन न्यूबेरी अठराव्या शतकातले लंडनचे पुस्तकविक्रेते आणि प्रकाशक होते. आणि हे पदक असावं ही कल्पना १९२१ मध्ये मांडली फ्रेडरिक मेल्चर यांनी, तेही मूळचे पुस्तकविक्रेते. ब्रिटनमध्ये बाललेखिका एलेनॉर फार्जन यांच्या नावाचा पुरस्कार १९६० च्या दशकापासून आहे. बालपुस्तकांच्या जगासाठी ज्यांनी झिजून काम केलं अशा कुणालाही तो मिळू शकतो, मग तो लेखक असो वा नसो. अनुवादित पुस्तकांसाठीचं अमेरिकेतलं बॅचेल्डर पारितोषिक एका ग्रंथपाल बाईंच्या नावाने आहे आणि ते मिळतं प्रकाशकाला, कारण परभाषेतलं पुस्तक आणण्याची जोखीम तो घेतो. स्वीडनचा आस्त्रिद लिंडग्रेन स्मृती पुरस्कार तर लेखक, चित्रकार, गोष्टी सांगणारे आणि वाचन रुजवणारे या सगळ्यांना एकाच रांगेत बसवतो. रक्कम तीच, ५० लाख क्रोनर, मान तोच. २००७ मध्ये तो व्हेनेझुएलाच्या ‘बांको देल लिब्रो’ या वाचन रुजवणाऱ्या संस्थेला मिळाला, २००९ मध्ये पॅलेस्टाइनच्या तामेर संस्थेला, २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ‘प्रेसा’ संस्थेला. ‘लेखकाला मोठा पुरस्कार आणि कार्यकर्त्याला उत्तेजनार्थ’ ही वाटणी तुमच्या आराखड्यात दिसते, ती कृपा करून काढून टाका.

माणूस कसा जोखायचा, याचं मला एकच माप सापडलं आहे, आणि ते येला लेपमन यांच्याकडून. या जर्मन ज्यू पत्रकार, नाझींच्या काळात इंग्लंडला पळालेल्या. युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याने त्यांना मुलं आणि स्त्रियांच्या प्रश्नांवर सल्लागार म्हणून जर्मनीत परत बोलावलं. शहरं ढिगाऱ्यात, पोटात अन्न नाही, आणि या बाईंनी वीसेक देशांना पत्रं लिहिली: तुमच्याकडची मुलांची पुस्तकं पाठवा, आमच्याकडे द्यायला पैसे नाहीत. बेल्जियमने आधी नकार दिला. जर्मनांनी त्यांच्या देशावर दोनदा चाल केली होती, तेव्हा नकारात नवल नव्हतं. लेपमन यांनी पुन्हा लिहिलं, की तिसऱ्यांदा तसं होऊ नये म्हणूनच पाठवा. पुस्तकं आली. १९४६ मध्ये म्युनिकला प्रदर्शन भरलं. त्याच साली त्यांनी फर्डिनंड नावाच्या बैलाची गोष्ट स्वतः जर्मनमध्ये आणली. हा बैल झुंजायचं सोडून फुलांचा वास घेत बसतो. वर्तमानपत्राच्या कागदावर तिच्या ३०,००० प्रती छापून त्यांनी मुलांना वाटल्या. १९४९ मध्ये म्युनिकचं आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभं राहिलं, १९५३ मध्ये झुरिकला इब्बीची स्थापना झाली, १९५६ पासून तिचा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार सुरू झाला, आणि १९६७ पासून २ एप्रिल, म्हणजे अँडरसन यांचा वाढदिवस, आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून पाळला जातो. लेपमन १९७० मध्ये गेल्या. ग्रंथालय, मंडळ, पुरस्कार, दिवस, सगळं चालू आहे.

माप हे, की ते माणूस आजारी पडलं किंवा बदलून गेलं तर मागे काय चालू राहतं? मी असे उत्साही लोक पाहिलेत की ते गेले आणि आठवड्यात कपाटाला कुलूप लागलं. आणि एक शांत शिक्षिका पाहिली, जिने चौथीच्या मुलींना पुस्तकांची नोंद ठेवायला शिकवलं होतं. ती निवृत्त झाली तेव्हा त्या मुली दहावीत होत्या, आणि नोंदवही त्यांच्याच हाताखालच्या मुली चालवत होत्या. बाई निवृत्त झाल्याचं आम्हाला सहा महिन्यांनी कळलं. खालच्या मुलींनी कळू दिलं नव्हतं असं नाही, त्यांना सांगावंसं वाटलं नव्हतं. पुस्तकं तर वेळेवर परत येत होती.

अशा माणसाला काय द्यायचं, ते त्यालाच विचारा. सन्मानचिन्ह घरातल्या कपाटावर धूळ खातं. कुणाला पुस्तकांसाठी पैसे हवे असतात, कुणाला आठवड्यातून दोन तास दुसरं कुणीतरी येऊन बसेल अशी सोय, कुणाला फक्त एक कोरडी खोली. आणि गौरवपत्रात ‘अमूल्य योगदान’ असं लिहू नका. काय केलं ते लिहा: किती वर्षं, कुठल्या मुलांसाठी, कोणतं पुस्तक सगळ्यात जास्त फिरलं.

निवडलेल्या पुस्तकांच्या प्रती तुम्ही शाळांना भेट देणार आहात, ते उत्तम. पण प्रत्येकी एक प्रत देऊ नका. कमी शाळा घ्या आणि चार-पाच प्रती द्या. एका शाळेत मी आमची सगळी निवडलेली पुस्तकं काचेच्या कपाटात ओळीने मांडलेली पाहिली, वर ‘पुरस्कारप्राप्त’ अशी सुबक पाटी, आणि किल्ली कार्यालयात. खराब होऊ नयेत म्हणून, असं कारण मिळालं. एकुलती एक प्रत असली की असंच होतं, त्यात शाळेची फारशी चूकही नसते. पाच प्रतींतली एक फाटली तर कुणाच्या जिवाला घोर लागत नाही.

राहता राहिला शिक्का. तुमच्या नमुन्यात तो सोनेरी आहे, बऱ्यापैकी मोठा आहे आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात लावायचा आहे. तो निम्म्याने लहान करा, आणि सगळ्या पुस्तकांवर एकाच जागी लावायचा आग्रह सोडा. जागा प्रत्येक पुस्तकाच्या चित्रकाराला विचारून ठरवा. आम्ही विचारलं नव्हतं. एका चित्रपुस्तकाच्या चारशे प्रतींवर दुपारभर बसून शिक्के चिकटवले, अगदी पट्टी लावून, सरळ. महिन्याभराने एक प्रत परत आली तर शिक्का नखाने खरवडून काढलेला, खालचा कागदही थोडा उकललेला. जिने ती आणली त्या सहा-सात वर्षांच्या मुलीला मी जरा आवाज चढवूनच विचारलं, हे काय केलंस? तिने पुस्तक उघडून मला आतलं शेवटचं पान दाखवलं. तिथे एक उंदीर होता, फक्त त्या एकाच पानावर. मग तिने पुस्तक मिटलं आणि मुखपृष्ठावरच्या त्या उकललेल्या जागेवर बोट ठेवलं. कोपऱ्यात, खिडकीच्या चौकटीमागे, त्याची शेपटी होती.